बिब्बा उतला, न्यू जर्सीत

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर चढलेली वेल अण्णांनी उपटायला घेतली तेव्हा मी स्वयंपाकघरात साबुदाणा भिजवत होते. खिडकीतून सगळं दिसत होतं. अंगात बनियन, ढोपरापर्यंत दुमडलेली पँट, हात उघडे. वेंगुर्ल्याजवळच्या गावात जन्मभर बागायत केलेला माणूस, मुलाकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आला म्हणून काय हातमोजे घालणार? अर्ध्या तासात भिंत स्वच्छ. वेलीचा भारा त्यांनी त्याच वेलीनं आवळून बांधला, मनगटानं कपाळाचा घाम पुसला, पँट सारखी केली, बाथरूमला जाऊन आले आणि मग कुठे नळाखाली हात धरून चहाला बसले. हा क्रम लक्षात ठेवा. पुढच्या महिनाभराचं रामायण या क्रमातच दडलेलं आहे.

हे शनिवारी दुपारी. सोमवारी सकाळी अण्णांचा उजवा डोळा सुजून अर्धा मिटला होता आणि दोन्ही हातांवर लाल रेघा उठल्या होत्या, कुणी छडीनं फटके मारावेत तशा. मंगळवारी त्या रेघांवर पाण्याचे फोड आले, मण्यांची माळ ओवावी तसे ओळीनं. आणखी एका ठिकाणी काय झालंय ते त्यांनी फक्त मुलाच्या कानात सांगितलं. मी फोनवर फोटो ताडून बघत होते, तेवढ्यात अण्णा हाताकडे बघत म्हणाले, "अगं, हा तर बिब्बा उतलाय. पण तुमच्या अमेरिकेत बिब्बा आला कुठून?"

बिब्बा नव्हता, पॉयझन आयव्ही होती. तरी निदान नव्वद टक्के बरोबर होतं. बिब्बा, काजू, आंबा, पिस्ता आणि ही अमेरिकन वेल, सगळी एकाच कुळातली झाडं. पॉयझन आयव्हीच्या चिकात उरुशिओल नावाचं तेल असतं. नाव जपानी 'उरुशी'वरून आलं. ज्या झाडाच्या चिकापासून जपानी लोक काळी चकचकीत लॅकरची भांडी बनवतात, ते झाड या वेलीचं सख्खं भावंड. हवा लागली की हे तेल काळं पडतं. आपल्याकडे परीट बिब्ब्यानं कपड्यांवर काळी न जाणारी खूण करायचे, तीही याच जातीच्या रसायनाची करामत. त्या खुणेमुळे लोकांच्या मानेला, कमरेला पुरळ उठायचं आणि इंग्रज डॉक्टरांनी त्याला धोब्याच्या नावानं ओळखायला सुरुवात केली होती. काजूच्या टरफलातलं तेलही याच पंथाचं. बोंडापासून बी पिरगाळताना हात भाजतात ते कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणूनच की काय, अण्णांना दुसऱ्याच दिवसाअखेर पुरळ उठलं. हा प्रकार विषबाधेचा नाही, अ‍ॅलर्जीचा आहे. आयुष्यात पहिल्यांदाच हे तेल लागलं तर शरीराला ते 'शत्रू' म्हणून ओळखायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. एकदा ओळख पटली की पुढच्या खेपेला दीड-दोन दिवसांत हल्ला होतो. अण्णांच्या अंगाला ती ओळख बहुधा काजूच्या बागेत कधीच पटलेली होती. काही भाग्यवंतांना मात्र काहीच होत नाही. दहातल्या आठेक जणांना होतं, असं इथले त्वचारोगतज्ज्ञ धरून चालतात. 'मला कधी झालं नाही' या भरवशावर राहू नका. पंधरा वर्षं काही न झालेल्या माणसाला सोळाव्या वर्षी झालेलं आहे.

पळसाला पानं तीनच

वेल ओळखायची कशी, हे थोडक्यात. एका देठाला तीन पानं. मधल्या पानाचं देठ लांब, बाजूची दोन जवळजवळ चिकटून बसलेली. या बाजूच्या पानांना बरेचदा एका अंगाला खाच असते, अंगठा बाहेर काढलेल्या लोकरी मोज्यासारखी. फांदीवर देठं समोरासमोर येत नाहीत, एक इकडे तर दुसरं थोडं वर तिकडे. काटे नसतात. तीन पानं आणि काटे दोन्ही असतील तर ती रासबेरी किंवा ब्लॅकबेरी, पाच पानं असतील तर व्हर्जिनिया क्रीपर. वसंतात कोवळी पानं तांबूस आणि तेल चोपडल्यासारखी चमकतात, शरदात इतकी सुंदर लाल होतात की फुलदाणीत ठेवायला कुणीतरी तोडतंच. आपल्यातल्या एका काकूंनी श्रावणी सोमवारी बेलाला पर्याय म्हणून हे त्रिदळ तोडायला हात पुढे केला होता. नातवानं ओरडून थांबवलं. महादेवानं हलाहल पचवलं, पण तोडणाऱ्याचं काय?

खरी फसगत हिवाळ्यात होते, कारण पानं नसतात आणि तेल मात्र खोडात, मुळात, सगळीकडे असतं. मोठ्या झाडावर चढलेली जुनी वेल तांबड्या केसांनी भरलेली दिसते, थेट काथ्याच्या दोरासारखी. असा दोर झाडावर दिसला की त्याला टेकायचं नाही, आणि त्याचा तुकडा लाकडांत आला असेल तर ते लाकूड शेकोटीत घालायचं नाही. ही वेल मिसिसिपीच्या पूर्वेला जवळजवळ सगळीकडे आहे: ट्रेलच्या कडेला, कालव्याच्या काठानं, शाळेच्या कुंपणात. पक्षी तिची पांढुरकी फळं खाऊन बिया टाकतात, त्यामुळे जिथे पक्षी बसतात तिथे, म्हणजे कुंपणाखाली आणि झाडाच्या बुंध्याशी, ती हटकून उगवते. कॅलिफोर्नियातल्या वाचकांच्या वाट्याला तिची बहीण, पॉयझन ओक, येते. उपचार तोच.

कढई घासतो तसं

आता मुख्य मुद्दा. चीक लागला आहे असा नुसता संशय आला तरी पुरळाची वाट बघायची नाही. लागलं ते तेल आहे, आणि तेल नुसत्या पाण्यानं जात नाही, हे रोज कढई घासणाऱ्या माणसाला समजावण्याची गरज नसावी. तरी आपण सगळे अण्णांसारखे नळाखाली हात धरतो आणि 'धुतले' म्हणतो.

घड्याळ फार महत्त्वाचं. लागल्यापासून दहा मिनिटांत धुतलं तर निम्म्याच्या आसपास तेल निघतं, अर्ध्या तासानं धुतलं तर दहावा हिस्साही जेमतेम, असा जुना हिशेब त्वचारोगाच्या पुस्तकांत सापडतो. पण तासभर उलटला म्हणून धुणं सोडू नका. उशिरा धुऊनही पुरळाचा जोर कमी झाल्याचं दिसलेलं आहे. आणि महागडी बाटली शोधायला दुकानात पळू नका. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खास पॉयझन आयव्हीसाठी विकलं जाणारं द्रावण, मेकॅनिक लोकांचं ग्रीस काढायचं क्लीनर आणि भांडी घासायचा साधा साबण एकमेकांशी लावून पाहिले. तिघांत नाव घेण्याजोगा फरक निघाला नाही. किमतीत मात्र भरपूर होता.

तर भांड्यांचा लिक्विड साबण घ्या. एक जुना पंचा किंवा वॉशक्लॉथ घ्या. कोमट किंवा गार पाणी, कढत नको. साबण लावून कपड्यानं हात चोळा, कढईच्या कडेचं तेल काढतो तसं, पण कातडं सोलेपर्यंत नाही. भरपूर वाहत्या पाण्यानं धुवा. पुन्हा साबण, पुन्हा चोळणं, पुन्हा पाणी. असं तीनदा. तेल डोळ्यांना दिसत नाही आणि पहिल्या धुण्यात ते इकडचं तिकडे पसरतं, म्हणून तीनदा. साबणाचा फेस अंगावर वाळू देऊ नका, नाहीतर त्यातलं तेल तिथेच बसतं. नखांखाली ब्रश फिरवा, कारण खाजवणारी नखंच पुढे ते गावभर नेतात. टबमध्ये बसू नका, शॉवर घ्या. आणि हात साबणानं धुतल्याशिवाय तोंडाला, डोळ्यांना, बाथरूममध्ये अन्यत्र कुठेही लावू नका. अण्णांचा क्रम आठवा.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती आपल्या हाताला सवयीची आहे. आंब्याचा चीक किंवा फणसाचा डिंक काढायला आपण खोबरेल चोळतो. इथे धुण्याआधी खोबरेल लावू नका. तेलात तेल मिसळून चांगलं पसरेल, एवढंच होईल.

मग अंगावरचे कपडे. ते उलटे करून सरळ मशीनमध्ये, इतर कपड्यांपासून वेगळे, गरम पाण्यात, भरपूर डिटर्जंट घालून. बुटांच्या नाड्या लोक विसरतात, आणि दोन आठवड्यांनी तेच बूट बांधताना 'पुन्हा कसं झालं?' म्हणून चक्रावतात. कात्री, कोयता, फावडं, गाडीचं स्टिअरिंग, फोन, घड्याळाचा पट्टा. हे तेल कोरड्या वस्तूवर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तग धरतं. वापरून टाकायचे हातमोजे घालून रबिंग अल्कोहोलनं किंवा साबणाच्या पाण्यानं पुसून घ्या. कुत्रा झुडपांत हुंदडून आला असेल तर त्याला सहसा काही होत नाही, पण त्याचे केस कुरवाळणाऱ्या नातवंडाला होईल. मोजे घालून त्याला अंघोळ.

पुरळ उठल्यावर

फोड आले म्हणजे पहिली लढाई हरलो. आता घरातला कुठलाही उपाय हे पुरळ लवकर घालवत नाही. ते दोन ते तीन आठवडे राहतं आणि आपलं आपण जातं. आपल्या हातात एवढंच उरतं, खाज सोसवेल इतकी ठेवणं आणि फोड चिघळू न देणं. हे आधीच मान्य केलं की चौथ्या दिवशी पाचवं क्रीम विकत घेण्याचा मोह आवरतो.

आधी घरच्यांची भीती घालवा. फोडांतून झिरपणाऱ्या लशीत उरुशिओल नसतं. ती लस दुसऱ्याला लागली तरी त्याला काही होत नाही, आणि आपल्याच अंगावर दुसरीकडे लागली तरी होत नाही. मुलाला शाळेत पाठवायला हरकत नाही, सुनेनं सासऱ्यांचं ताट वेगळं करायची गरज नाही. 'पण रोज नवीन ठिकाणी उठतंय' असं वाटतं, कारण जिथे तेल जास्त लागलं किंवा कातडी पातळ तिथे आधी उठतं. कोपर, पोटरी मागाहून. रोज नवं उठतच राहिलं तर मात्र संशय वस्तूंवर घ्या. आमच्याकडे तो अण्णांच्या चष्म्याच्या दांड्यांवर निघाला. घाम पुसताना लागलेलं तेल तिथे बसून होतं आणि कानामागे रोज सकाळी नवी हजेरी लावत होतं.

खाजेवर सगळ्यांत गुणकारी, सगळ्यांत स्वस्त आणि म्हणून सगळ्यांत दुर्लक्षित उपाय म्हणजे गार पाण्याची घडी. स्वच्छ सुती कापड, जुन्या धोतराचं असेल तर उत्तम, गार पाण्यात बुडवून पिळायचं आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, दिवसातून चार-पाच वेळा. लस वाहत असेल तर औषधांच्या दुकानात अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅसिटेटच्या पुड्या मिळतात, त्या पाण्यात विरघळवून त्याच पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. फोड लवकर सुकतात. मग गुलाबी कॅलामाइन लोशन. नाव भारतापासूनच ओळखीचं असतं, पण इथे साधं कॅलामाइन घ्या, सुगंधी सौंदर्यप्रसाधन नको. एक टक्का हायड्रोकॉर्टिझोन क्रीम विनाचिठ्ठी मिळतं. ते पहिल्या काही दिवसांत, पुरळ नुसतं लाल असताना उपयोगी पडतं. टपोरे फोड आल्यावर त्याचा फारसा जोर चालत नाही. डोळ्यांच्या आसपास ते लावू नका.

ओट्सच्या पाण्याची अंघोळ खरोखर आराम देते, आणि त्यासाठी पाकीट विकत आणायला नको. बिनसाखरेचे, बिनवासाचे साधे ओट्स मिक्सरमधून काढा, मैद्यासारखे बारीक होईपर्यंत. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात टाकून पाहा: पाणी दुधासारखं झालं तर जमलं, तळाला रवा बसला तर पुन्हा फिरवा. वाटीभर पीठ कोमट पाण्याच्या टबात, पंधरा मिनिटं. ओट्स नसतील तर बेकिंग सोडा चालतो. टब ओट्सनं भयंकर निसरडा होतो. वयस्क माणूस असेल तर कुणीतरी हात धरायला हवं, नाहीतर खाज परवडली आणि खुबा मोडला अशी गत. टबात बसणं अण्णांना मुळीच पसंत नव्हतं, "म्हशीसारखं काय डुंबायचं" म्हणून. आम्ही बालदीत पीठ कालवून तांब्यानं हातावर ओतलं. तेवढंही पुरलं.

फोड फोडू नका. आपला आपण फुटला तर साबणपाण्यानं धुऊन, न चिकटणारी गॉझ सैल बांधा. नखं कापा. रात्री मुलं झोपेत खाजवतात, त्यांच्या हातांत सुती मोजे चढवा. कढत पाण्याखाली हात धरला की क्षणभर स्वर्ग वाटतो हे खरं, पण नंतर सूज आणि खाज दोन्ही दामदुपटीनं येतात.

भारतातून आणलेला औषधांचा डबा

आई-वडील येतात तेव्हा बॅगेत एक डबा असतोच. त्यातलं काय वापरायचं नाही, याची यादी वापरायच्या यादीपेक्षा लांब आहे. सोफ्रामायसिन आणि इथलं निओस्पोरिन या दोन्हींतलं अँटिबायोटिक एकाच घरातलं, आणि त्याचीच अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते. म्हणजे चिडलेल्या कातडीवर दुसरं पुरळ चढवण्याची सोय. अ‍ॅलर्जीची गोळी असते तेच औषध घातलेली मलमं आणि बधिर करणाऱ्या बेंझोकेनचे स्प्रे यांचंही तसंच. 'सगळ्यावर चालतं' म्हणून दिलेल्या मिश्र क्रीममध्ये जोरदार स्टेरॉइड असतं. चेहऱ्यावर आणि जांघेत ते लावणं धोक्याचं. हळद, कडुनिंबाचा लेप उघड्या फोडांवर लावला तर खाली पू होतोय की नाही ते दिसतच नाही.

सेट्रिझिन, अ‍ॅव्हिल यांच्याकडून खाजेची फार अपेक्षा ठेवू नका, कारण ही खाज ज्या वाटेनं येते ती वाट त्या गोळ्या अडवत नाहीत. झोप आणणाऱ्या गोळीनं रात्र निभते, एवढाच लाभ. पण प्रोस्टेटचा त्रास असलेल्या किंवा रात्री चारदा उठणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला ती देऊ नका. लघवी अडते, तोल जातो, गोंधळल्यासारखं होतं.

होमिओपॅथीवाल्या घरांत रस टॉक्सचं नाव निघतंच. ते या वेलीपासूनच बनवतात हे खरं, पण त्यानं पुरळ लवकर जातं याला भरवशाचा पुरावा नाही. त्यापेक्षा मौज वाटते ती जुएलवीडची. पॉयझन आयव्हीच्या शेजारी ओलसर जागी उगवणारं हे नारिंगी फुलांचं झुडूप इथल्या लोकवैद्यकातला उतारा. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की फट्‌कन फुटून बिया उडतात. ओळखीचं वाटलं ना? तो आपल्या तेरड्याचाच भाऊबंद. त्याचा पाला ठेचून लगेच चोळला तर थोडा फायदा होतो, असं एका प्रयोगात दिसलं; त्याच प्रयोगात साबण त्याहून सरस ठरला. जंगलात साबण नसेल आणि तेरडा असेल तर चोळा, घरी असाल तर साबण.

डॉक्टरकडे कधी

धाप लागत असेल किंवा गिळता येत नसेल तर ९११, विचार नको. वेलीचा धूर नाकातोंडात गेला असेल तर लक्षणांची वाट न बघता इमर्जन्सीत. चेहरा, डोळे, ओठ किंवा गुप्तांगावर सूज. अंगाचा चौथा हिस्सा किंवा जास्त भाग व्यापलेला. १०० फॅरनहाइटच्या वर ताप. फोडांतून पू, वाढती लाली, दुखणं. खाजेनं झोपच नाही. तीन आठवड्यांनंतरही ओसरत नाही: यांतलं काहीही असेल तर घरचे प्रयोग थांबवा. आणखी एक विनंती. 'ती जागा' सांगायला लाजू नका. अण्णा दोन दिवस लाजले आणि डॉक्टरकडे जाणं तेवढं लांबलं.

अशा वेळी डॉक्टर बहुधा प्रेडनिसोनच्या गोळ्या देतात. इथे आमची दुसरी चूक झाली, म्हणजे आमच्या वतीनं कुणीतरी केली. जवळच्या अर्जंट केअरनं सहा दिवसांचं तयार पाकीट दिलं, रोज एक गोळी कमी करत जायचं. चौथ्या दिवशी अण्णा पत्ते खेळायला बसले. पाकीट संपलं आणि आठव्या दिवशी सगळं पुन्हा उसळलं, पहिल्यापेक्षा जोरानं. नेहमीच्या डॉक्टरांनी पाकीट बघून नुसती मान हलवली. पुरळाचा मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा आणि औषध सहा दिवसांचं, तर आग विझायच्या आत पाणी संपणारच. जास्त पसरलेल्या पुरळाला दोन ते तीन आठवडे, हळूहळू कमी करत नेलेला डोस लागतो. तेव्हा छोटं पाकीट हातात पडलं तर तिथेच विचारा, "हे पुरेल का? परत उसळलं तर?" विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

मधुमेह असेल तर तेही तिथेच सांगा. स्टेरॉइडनं साखर चढते. अण्णांची उपाशीपोटीची एरवी १३०-१४० असणारी साखर दोनशेच्या वर गेली. रोज मोजत होतो आणि भारतातल्या डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घेतली, म्हणून निभावलं. गावाकडून आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू किंवा बंद करणं तर अजिबात नको.

आंब्याचं काय

हा प्रश्न मराठी घरात येणारच. ज्याला पॉयझन आयव्ही झाली आहे त्याला आंब्याच्या सालीनं, चिकानं ओठांभोवती तसंच पुरळ उठू शकतं. सालीत आणि चिकात उरुशिओलचीच भावंडं असतात. आमच्या धाकट्याला समर कॅम्पमध्ये आयव्ही लागली होती. पुढच्या वर्षी त्यानं आंबा चोखून खाल्ला आणि दोन दिवसांनी ओठ सुजले. आंबा सोडायचा नाही, साल सोडायची. देठाकडचा भाग जाडसर कापा, चीक धुऊन टाका, दुसऱ्या कुणीतरी सोलून फोडी करून द्या. २००७ पासून हापूस इथे रीतसर येतो, आणि त्या भावात घेतलेल्या पेटीतली एक फोडसुद्धा वाया घालवायची माझी तयारी नाही. भाजलेले, सोललेले काजू सहसा त्रास देत नाहीत. ओला काजू सोलायची हौस मात्र अशा माणसानं मोजे घालून भागवावी.

भारा

राहिला अण्णांनी बांधलेला भारा. तो कुंपणापाशी आठवडाभर वाळत पडला होता, आणि डोळा उघडल्याबरोबर अण्णांनी काडेपेटी मागितली. पावसाआधी पालापाचोळा जाळून भाजावळ करणाऱ्या मुलखातला माणूस, दुसरं काय सुचणार? ही वेल कधीही, वाळलेली असली तरीही, जाळायची नाही. तेल धुराबरोबर उडतं आणि फुप्फुसात जातं. वणवे विझवणाऱ्यांना हा धोका नोकरीचा भाग म्हणून शिकवला जातो. कंपोस्टमध्येही टाकायची नाही. जाड काळ्या पिशवीत घालून, तोंड बांधून, आपल्या गावाचा नियम विचारून कचऱ्यात. गवत कापायच्या दोरीच्या यंत्रानं तर कधीच कापू नका, चिकाचा फवारा अंगभर उडतो.

उपटायचीच असेल तर पावसानंतर, माती भुसभुशीत असताना, मुळासकट. लांब बाह्या, पायमोज्यांत खोचलेली पँट आणि जाड व्हिनाइलचे मोजे. पातळ लॅटेक्समधून तेल आरपार जातं. अंगणात खूप पसरली असेल तर माणूस बोलवा. काही ठिकाणी यासाठी बकऱ्या भाड्यानं मिळतात. त्यांना हा पाला पचतो.

आमच्या गॅरेजच्या बाहेरच्या नळाशी आता भांड्यांच्या साबणाची बाटली आणि एक फाटका पंचा कायमचा टांगलेला असतो. अण्णांनी मुळं ठेवली होती, त्यामुळे ऑगस्टमध्ये भिंतीच्या पायाशी तीन चकचकीत पानं पुन्हा वर आली. मी फोटो काढून वेंगुर्ल्याला पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"हात लावलास?"

"नाही, अण्णा."

"मग ठीक. आधी साबण बघून ठेव, भरलेला आहे का."